कबड्डीच्या यादीवरील स्वारी

राज्ये बुडाली, तख्ते फुटली, त्यांच्या हकिकती लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु कुंभकोणम् मुक्कामी मुलींच्या शाळेत भर तिसऱ्या प्रहरी जो संग्राम जाहला त्याचा मजकूर कोणी लिहिला नाही, सबब येथे लिहिला जातो.

अकरावीच्या संगणकवर्गातील अखंडितगुणमंडित, कबड्डीसंघाच्या कप्तान, राजमान्य (स्वतःच्या मते जगन्मान्य) तेन्मोळीबाईसाहेब. बारा जणींची यादी चारपावेतो जिल्ह्यास न पोहोचल्यास संघ बाद, ऐसे फर्मान असता, आता यादी संगणकच काढील म्हणोन बाईसाहेबांनी खेळशिक्षक अर्पुदराज सरांची हातची यादी बज्जीचे तेल टिपण्यात खर्ची घातली, आणि मग तीन वाजता शाळेच्या माहितीसाठ्यास हुकूम केला की, खेळाच्या रकान्यात हुबेहूब 'कबड्डी' लिहिलेल्या तेवढ्या हजर करणे. जबाब आला, शून्य.

चेहरा उतरला, आणि मग शब्दाच्या दोहो बाजूंस टक्क्याची निशाणे रोवून दुसरा हुकूम सुटला की, मागेपुढे काहीही असो, आत 'कबड्डी' दिसली की धरून आणणे. एकोणीस आल्या, पैकी सात 'कबड्डी सोडून काहीही' लिहिणाऱ्या. सर बाईसाहेबांस म्हणाले, सात नावे हाताने खोड की, अम्मा. ही नामुष्की बाईसाहेबांस मंजूर नाही.

मग डोळे बारीक करून पाहतात तो बहुतेक शब्द समासापासून पाच पावले आत उभे. चौकशीअंती उघड जाहले की, नोंदी करणाऱ्या सुगंधी अक्का, टंकलेखनाची वरची परीक्षा पास, ओळ सुरू करताना पाच जागा सोडण्याचा तीस वर्षांचा शिरस्ता मोडीत नाहीत. आणि संगणक मोकळी जागाही अक्षर म्हणोन मोजतो. बाईसाहेबांनी अक्कांस नेटकेपणावर लांबलचक उपदेश केला, कडेच्या मोकळ्या जागा छाटण्याचे कलम हुबेहूबच्या हुकुमास जोडिले, आणि मग अकरा वीरांगना हजर जाहल्या. बारावी गैरहजर. खुद्द कप्तान.

चारला सहा मिनिटे. अक्कांनी चष्मा लावून तेन्मोळीच्या नोंदीवर बोट ठेविले. ही एकच नोंद बाईसाहेबांनी स्वहस्ते भरली होती: 'कबड्डी (अजिंक्य कप्तान)'.

"कण्णू, माझ्या मोकळ्या जागा निदान कुणाच्या डोळ्यांवर तरी येत नव्हत्या गं."

"हसू नका ना अक्का. पुसते."

मग बाईसाहेबांनी आपला किताब आपल्याच बोटाने छाटिला, हुकूम पुन्हा सोडिला, बारा शिरे दोनदा मोजिली, आणि तीन वाजून अठ्ठावन मिनिटांनी यादी जिल्ह्यास रवाना जाहली. फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नमूद. बाराव्या क्रमांकी नाव, तेन्मोळी. हुद्दा, काही नाही.