पन्नास मीटरच्या आतले रक्तदाते

दोनच बाटल्या रक्त हवंय म्हटल्यावर संस्थापकांना चक्क हसू आलं. सासूबाई खुब्याचं हाड मोडून वॉर्डात पडलेल्या, बायकोचे डोळे रडून सुजलेले, सासरे भिंतीला टेकून उभे, आणि हे गृहस्थ हसत होते. सर्जनने नुकतंच बजावलं होतं की ऑपरेशन उद्या सकाळी नऊला करू, पण बी निगेटिव्हच्या दोन बाटल्या आज पाचच्या आत रक्तपेढीत जमा झाल्या तरच. नाहीतर पुढची तारीख दहा दिवसांनी. आणि या वयात हाड दहा दिवस तसंच राहिलं, तर बाई पुन्हा आपल्या पायांनी चालतील याची हमी मागू नका.

"बाबा, तुम्ही निवांत बसा," संस्थापक सासऱ्यांना म्हणाले. "अकरा हजार चारशे बाटल्या उभ्या केलेल्या माणसाला तुम्ही दोन बाटल्यांची काळजी सांगताय."

सासरे म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यात छत्तीस वर्षं घालवलेला माणूस, स्वतः साखळी टाकल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर विश्वास न ठेवणारा. त्यांनी फक्त एवढंच सुचवून पाहिलं की ओळखीपाळखीत चार फोन करू का? संस्थापकांना ते फार लागलं. एकविसाव्या शतकात, आणि तेही 'तळमळ'च्या जन्मदात्याच्या घरात, कुणी फोन करून रक्त मागायचं म्हणजे काय!

'तळमळ' हे त्यांचं ॲप. माणूस तसा विमा कार्यालयात नोकरीला होता, पण गेल्या वर्षी हे ॲप निघालं आणि व्हिजिटिंग कार्डावर 'संस्थापक' असं छापून आलं, तेव्हापासून लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. काही जण आदराने, बाकीचे तोंड फिरवून. ॲपमधली कल्पना वाईट नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. रक्तगट टाकायचा, लाल बटण दाबायचं, की त्या गटाच्या जवळपासच्या सगळ्या दात्यांच्या फोनवर घंटा वाजायची. इथवर नावं ठेवण्यासारखं काही नाही.

घोडं अडलं ते मोजणीपाशी. ॲप तयार करणाऱ्या प्रोग्रामरने विचारलं होतं की दात्याने रक्त दिलं हे ॲपला कळणार कसं? रक्तपेढीतल्या बाईंनी नोंद करायची म्हटलं तर त्यांना वेळ नाही. दात्याने स्वतः करायची म्हटलं तर लोक खोटं बोलतात. संस्थापकांनी क्षणभर डोळे मिटले आणि तोडगा काढला. दाता रक्तपेढीपासून पन्नास मीटरच्या आत आला की फोनला ते कळतंच. आला म्हणजे दिलं, असं धरायचं. "माणूस रक्तपेढीपर्यंत येतो तो काय हवा खायला येतो?" असा बिनतोड सवाल त्यांनी केला. प्रोग्रामरने मान डोलावली. प्रोग्रामर लोक मान डोलावतात म्हणजे सहमत असतात असं नाही, पण हे संस्थापकांना कोण सांगणार?

तेव्हापासून आकडा जो फुगत गेला तो थांबेना. रक्तपेढीच्या शेजारीच औषधाचं दुकान होतं, समोर बसचा थांबा होता. दिवसभर ॲपवर नाव नोंदवलेली माणसं पन्नास मीटरच्या आत यायची, जायची, आणि त्यांच्या फोनवर रक्तदानाची प्रमाणपत्रं पडायची. संस्थापक सभांमधून तो आकडा सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे, आणि येत्या शनिवारी तर एक मोठी समिती त्यांना समाजकार्याचा पुरस्कार देणार होती. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही बसून त्या आकड्याला दात्यांच्या संख्येने भागून बघावंसं वाटलं नाही.

तर त्या दिवशी दुपारी एक वाजता संस्थापकांनी कॉरिडॉरमध्ये उभं राहून, बायकोला नीट दिसेल अशा बेताने लाल बटण दाबलं. सदतीस दात्यांच्या फोनवर घंटा गेली. वीस मिनिटांत पडद्यावर पहिला हिरवा ठिपका उमटला. 'एका दात्याने रक्तदान केले.' मग दुसरा, तिसरा. दोनपर्यंत सात झाले. संस्थापकांनी फोन बायकोपुढे धरला, मग सासऱ्यांपुढे धरला, मग उगाचच एका अनोळखी नर्सपुढेही धरला.

"दोन मागितल्या होत्या, सात झाल्या," ते म्हणाले. "आता बाकीच्या पाच ठेवायच्या कुठे ते रक्तपेढीने बघावं."

सासरे म्हणाले की चला, बघून येऊ. बायको आईजवळ थांबली आणि सासरे-जावई खाली रक्तपेढीत गेले.

रक्तपेढीच्या बाई काउंटरमागे उभ्या होत्या. वीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधणारी ही बाई एरवी शांत होती, पण संस्थापकांना बघताच तिने हातातला पेन टेबलावर आपटला. फ्रीजमध्ये बी निगेटिव्हची एकही बाटली नव्हती. सात दाते आले होते हे खरं, पण एकाचंही रक्त घेता आलं नव्हतं.

कारण सोमवारी झालेलं उद्घाटन. 'तळमळ' आणि रक्तपेढीचा संगणक एकमेकांना जोडावेत म्हणून संस्थापकांनी आठ महिने रुग्णालयाचे उंबरठे झिजवले होते, आणि परवा सोमवारी फीत कापून ते एकदाचं जुळलं होतं. एकदा रक्त दिलं की पुढचे नव्वद दिवस त्या माणसाचं रक्त घ्यायचं नाही, हा रक्तपेढीचा नियम. आता हा नियम माणसाने नाही तर संगणकाने पाळायचा होता. दाता दारापाशी येई, ॲपच्या लेखी त्याचं रक्तदान होऊन जाई, आणि तो काउंटरपर्यंत पोचेतो संगणक सांगे, की याने चार मिनिटांपूर्वीच रक्त दिलं आहे, आता नव्वद दिवस थांबा. मग अर्जच छापला जात नसे.

"सोमवारपासून एक थेंब घेतलेला नाही मी," बाई म्हणाल्या. "नेहमी दोन-तीन बाटल्या शिल्लक असतात या गटाच्या. परवा तुम्ही फीत कापलीत आणि काल त्या संपल्या. कालच फोन केला होता मी तुम्हाला. तुम्ही म्हणालात, यंत्रणा शिकतेय."

संस्थापकांनी तसं म्हटलं होतं खरं. ते त्यांचं आवडतं वाक्य होतं.

त्यांनी घाईघाईने प्रोग्रामरला फोन लावला. तो म्हणाला की सगळं अगदी तुम्ही सांगितलं तसंच चाललंय. नोंदी हाताने बदलता येतील का? नाही. कुणालाच? कुणालाच. 'मानवी हस्तक्षेपाला वाव नको' ही तुमचीच अट होती, तुमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापली आहे. जोडणी तोडायची तर रुग्णालयाच्या समितीची सही लागेल, आणि समिती सोमवारी बसते.

इकडे सासरे कधीच बाहेर पडले होते. रक्तपेढीच्या दारापासून ते एकेक सारखं पाऊल टाकत फाटकावरच्या रखवालदाराच्या खुर्चीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "छत्तीस मीटर. तो रोज तिथेच बसतो. त्याच्या नावावर किती आहेत?"

संस्थापकांना बघावं लागलं नाही, आकडा पाठ होता. सहाशे चौदा. रखवालदार हा 'तळमळ'चा अव्वल दाता होता. सकाळी कामावर आला की एक आणि जेवून परतला की दुसरं, अशी त्याची रोज दोन रक्तदानं व्हायची. शनिवारी त्याला 'महादाता' म्हणून मानचिन्ह मिळणार होतं. संस्थापकांना त्या खडतर क्षणी एवढं मात्र सुचलं की याचंच रक्त घ्यावं. पण त्याचा गट ओ पॉझिटिव्ह निघाला. शिवाय तो बिचारा म्हणाला, "साहेब, मला वाटायचं ही प्रमाणपत्रं वेळेवर हजर राहिल्याबद्दल येतात."

घड्याळात तीन वाजले. सातापैकी पाच दाते फोनवर आलेलं प्रमाणपत्र बघून, काम झालं असं समजून घरी गेले होते. दोघंच बाकावर बसून राहिली होती, एक बसचालक आणि एक शिक्षिका. बाईंनी मग जुना मार्ग काढला. कपाटातून छापील अर्जांचा गठ्ठा काढून धूळ झटकली आणि सांगितलं की मी हाताने अर्ज भरून रक्त घेते, पण संगणकाच्या विरुद्ध जायचं तर माझ्याकडे कागद हवा. दात्याने लिहून द्यायचं की मी नव्वद दिवसांत रक्त दिलेलं नाही, आणि त्याखाली संस्थापकांनी लिहायचं की माझ्या ॲपमधली नोंद खोटी आहे.

'खोटी' या शब्दाशी संस्थापक बराच वेळ झुंजले. त्यांनी 'तांत्रिक कारणास्तव किंचित तफावत' असं लिहून पाहिलं. बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली. त्यांनी 'अतिउत्साही गणना' असं लिहिलं. बाईंनी कागदच बदलून दिला. शेवटी सासऱ्यांनी नुसता घसा खाकरला आणि 'खोटी' कागदावर उमटली.

शिक्षिकेचं रक्त घेतलं गेलं. बसचालक मात्र गेल्या आठवड्यातच तापातून उठला होता, औषधं अजून चालू होती, त्याला बाईंनी घरी पाठवलं. म्हणजे एक बाटली झाली. दुसरीसाठी त्यांनी पडद्यावर बी निगेटिव्हची यादी उघडली आणि अगदी वरच्या नावावर बोट ठेवलं.

"दाता क्रमांक एक," त्या म्हणाल्या. "तुम्हीच की."

संस्थापकांच्या तोंडचं पाणी पळालं. ॲपची चाचणी घेताना पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं होतं, गटासकट. पुढे फोटो काढायला, बैठकांना, पाहुण्यांना फिरवायला ते रक्तपेढीत येत राहिले आणि त्यांच्या नावावर चौसष्ट रक्तदानं जमा झाली. भाषणात ते हा आकडा सांगत नसत, पण कुणी सांगितलाच तर अडवतही नसत. प्रत्यक्षात त्यांना सुईची भयंकर धास्ती होती. हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

आणि मग या माणसाने जे केलं त्याला कोपरापासून हात जोडावेत. तो सरळ आपल्याच ॲपच्या आडोशाला गेला. खेदाने मान हलवत त्याने सांगितलं की माझी फार इच्छा आहे हो, पण नोंदीनुसार मी आजच रक्त दिलंय. नियम म्हणजे नियम. संस्थापकानेच मोडला तर समाजापुढे काय आदर्श राहील?

नेमकी तेव्हाच बायको खाली आली होती. आई सारखी विचारतेय, उद्या नक्की ना, म्हणून ती बघायला आली होती. दारातच तिने हे ऐकलं. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, तुम्ही रक्त कधी दिलंत?"

"म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"तसं बघायचंच नाहीये. आई पुन्हा चालणार की नाही एवढंच बघायचंय. दिलंय की नाही?"

संस्थापकांनी बाईंकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, दारात डोकावणाऱ्या महादात्याकडे पाहिलं. कुणीच मदतीला येण्यासारखं नव्हतं. ते खाली बसले आणि लिहू लागले. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येत होतं. 'माझ्या नावावरील चौसष्ट नोंदी खोट्या असून मी आजवर एकदाही रक्त दिलेले नाही.' सासऱ्यांनी कागद घेतला, जमिनीचा नकाशा तपासावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि तारीख राहिली आहे म्हणून परत दिला.

त्यानंतरचं वर्णन करण्यात अर्थ नाही. बोटाला टोचून तपासणी झाली तेव्हाच संस्थापक विव्हळले. खाटेवर त्यांनी डोळे गच्च मिटले, एक हात बायकोने धरला, दुसरा बाईंनी, आणि एक अख्खी बाटली भरली. चार वाजून चाळीस मिनिटांनी बाईंनी दोन्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्या तपासणीसाठी आत नेल्या. संस्थापक उठून उभे राहिले, काहीतरी प्रेरणादायी बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि तसेच धाडकन आडवे झाले.

ऑपरेशन ठरल्या वेळी झालं आणि छान झालं. शनिवारी दुपारी तर सासूबाईंनी दोन नर्सच्या आधाराने चार पावलंही टाकली. मग त्या पलंगावर टेकल्या, चहा घेतला आणि इकडचीतिकडची चौकशी करू लागल्या. रक्त कुणाचं मिळालं, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. एक बाटली एका शिक्षिकेची आणि दुसरी आपल्या जावयाची, असं कळल्यावर त्यांनी कप बाजूला ठेवला.

"खरंच दिलं? तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"पाहिलं. नंतर चक्कर येऊन पडला, तेव्हा त्याचे पाय मीच वर धरून बसलो होतो."

"मग आहे कुठे तो? जरा पाठीवरून हात तरी फिरवते त्याच्या."

"पुरस्कार घ्यायला गेलाय."

सासूबाईंना भरून आलं. "घेऊ दे बाई. आपलं रक्त दिलं त्याने, मिळायलाच हवा."

"त्या एका बाटलीचा नाही गं," सासरे रिकामा कप उचलत म्हणाले. "न दिलेल्या चौसष्टांचा."