अनंताचं फळ

आमच्या पनवेलच्या आळीत अनंताचं झाड एकच होतं आणि त्याच्या फुलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. झाडाखाली खुर्ची टाकून दत्तूकाका बसलेले असत.

"फूल तोडलंत तर फळ कुठून येणार?"

काकांची हयात बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेली. हाँगकाँगच्या एका वैद्यानं त्यांना सांगितलं होतं, अनंताचं फळ म्हणजे झोपेचं अक्सीर औषध. "चिनी माणूस फुकट बोलत नाही," असं ते बजावत. पुढे चीनशी लढाई झाली, आळीनं डोळे वटारले. काकांनी 'चिनी' तेवढं गाळलं. "तो माणूस फुकट बोलत नाही."

अनंताचं फूल शिळं झालं की पिवळं पडतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काका म्हणत, "पिकतंय!" मग गळालेलं फूल चिमट्यानं उलगडून आत फळ शोधत. सत्यनारायणाला फूल मागितलं तर उत्तर तयार, "देवाला झोपेचा त्रास नाही."

काकूसुद्धा संध्याकाळी उंबऱ्यात येऊन म्हणत, "एक द्या हो केसांत."

"थांब, फळ येऊ दे."

अशी सतरा वर्षं गेली. मला या माणसाचा मनस्वी राग यायचा. स्वतः दुपारभर खुर्चीत घोरतो, याला झोपेचं औषध कशाला हवं? म्हातारा दवाखाना काढणार, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

एकदा कळंबोलीची भाजीवाली सखूबाई टोपली उतरवून हसतच सुटली. "काका, आमच्या दारी पन हाच हाय. भरल्या फुलाचा अनंत ह्यो, नुसत्या पाकल्याच. याला फल नाय धरत, कवाच नाय!"

काकांची नजर आत, काकूंकडे गेली. मग मलाच विचारलं, "मग हिला झोप कशी लागणार?"

तेव्हा कुठे कळलं. एकुलती मुलगी वारल्यापासून काकूंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. भिंतीला भिंत लागून राहत होतो, पण आम्हाला पत्ता नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

त्या संध्याकाळी काकांनी पहिल्यांदा फूल तोडलं. काकूंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि अंबाड्यात खोवायला गेले. अंबाडा आता सुपारीएवढा उरला होता, फूल टिकेना. दोनदा पडलं, दोनदा उचललं. शेवटी काका मागे उभे राहून ते हातानंच धरून राहिले. थोड्या वेळानं काकूंची मान कलली.

मी काहीतरी बोलायला फाटकाशी गेलो. काकांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.