नीरा, ऊन चढल्यावर

एकोणीसशे एकसष्ट सालच्या चैत्रात, बोर्ली पंचतनच्या बाजारातून परतताना, सुरूबंदरच्या नीराबाईचा डावा पाय भर दुपारी तिला न विचारता डावीकडे गेला. पाय कुणाचाही कधी वाकडा पडतो. पण हा पडला तो नेमका पोलीस चौकीच्या दारात, आणि राज्यात दारूबंदी होती. त्यामुळे ही बाब खासगी उरली नाही.

चौकीत कोंडाजी हवालदार बसला होता. महिना संपायला दोन दिवस उरले होते आणि दारूबंदीच्या ज्या तीन केसी वर पाठवायच्या, त्यातली एकही झाली नव्हती. आता सुरूबंदरात भट्टी नव्हती अशातला भाग नाही. खाडीच्या कडेला नामाची भट्टी इतकी ऐसपैस चालायची की नवख्या माणसाला तो साखर कारखाना वाटावा. पण नामा पडला हवालदाराचा शेजारी, आणि शेजारधर्म म्हणून काही चीज असते की नाही? तिकडची वाट हवालदाराला काही केल्या सापडत नसे. इथे मात्र केस आपल्या पायांनी, निदान एका पायाने, चालत दारात आली होती.

"काय गं नीरे, किती घेतलीस?"

"मी? हवालदारदादा, माज्या बापानं घेतली ती सगल्या घराला पुरली. मी थेंब न्हाय घेतला कंदी."

"मग झोकांड्या का खातेस?"

"पाय माजं ऐकत न्हाय वो. बोटांस्नी मुंग्या येतात. गेल्या साली उजवा डोला गेलता. म्हयन्याभरानं आपसूक परत आला."

"डोळा कुठं गेला होता?" हवालदाराने लिहिता लिहिता विचारले.

त्याने तोंडाचा वास घेतला. मासळीचा आला. 'मासळीच्या वासाखाली दारूचा वास हेतुपुरस्सर दडवला आहे' अशी नोंद झाली. पंच म्हणून रस्त्यावरचे दोघे बोलावले. ते नुकतेच नामाकडून येत होते. दोघांना नीराबाई अगदी ताठ उभी दिसली, कारण तेही तेवढेच कललेले होते. पण सहीपुरते शुद्धीवर होते, सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आले. त्यांनी चौकीसमोर खडूने रेघ मारली आणि नीराबाईला तीवरून चालायला लावले. सकाळचा गार वारा सुटला होता. नीराबाई रेघेवरून अशी चालली की खुद्द रेघच वाकडी वाटावी. फौजदारांनी हवालदाराकडे पाहिले. कोंडाजीला घाम फुटला. पण वीस वर्षांची नोकरी वाया जात नाही.

"साहेब, तिचं नाव काय आहे ते तरी बघा. नीरा!"

फौजदार शिकलेले होते, त्यांच्या डोक्यात लगेच उजेड पडला. माडाची नीरा पहाटे उतरवली की शक्तिवर्धक पेय, सरकारच तिची तारीफ करते. तीच ऊन चढले की आंबते, माडी होते आणि पिणारा आत जातो. त्यांनी स्वहस्ते लिहिले, 'सदर नीरा ही सूर्योदयापूर्वी निर्दोष असून ऊन चढताच मादक होते. सबब गारव्यात केलेली चाचणी ग्राह्य नाही.' खाली शिक्का बसला. शिक्क्यापुढे काय बोलणार, कप्पाळ?

नीराबाई जामिनावर सुटली. तिला तुरुंगाची एवढी भीती नव्हती. तिचा जीव अडकला होता बोर्लीच्या बाजारातल्या जागेत. बापाने होडी दारूत बुडवली तेव्हा आईने त्या चार हात जागेवर बसून मासळी विकली आणि घर उभे ठेवले. आता ग्रामपंचायतीची नोटीस आली होती: झोकांडी दारूची नव्हे असा दाखला महिन्यात आणा, नाहीतर जागा खाली करा. दारूवरून जागा जावी, आणि तीही तिच्या हातून! नीराबाईला दोन दिवस घास गेला नाही.

सदा तिचा नवरा, दर्यावरचा माणूस, बोलायला थोडा. त्याने तिला बोटीत घातले आणि मुंबईला नेले. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात मेंदू आणि शिरांचे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्याला काडी ओढली, डोळ्यात बत्ती धरून पाहिले, पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासायला दिले. आणि कुणीच केली नव्हती अशी एक गोष्ट केली. तिचे सगळे बोलणे ऐकून घेतले.

"बाई, या रोगाला अजून यंत्र नाही. गेल्या साली डोळा, यंदा पाय. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या वेळा. असं जुळलं आणि दुसरं काही सापडलं नाही, तरच याचं नाव घेता येतं. मल्टिपल स्क्लेरोसिस."

"म्हंजे काय वो झालंय?"

"शिरा म्हणजे विजेच्या तारा समजा. वर वेष्टन असतं, ते जागोजागी झिजतं. मग मेंदूचा निरोप पायाला पोचत नाही. कशानं होतं, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. एक अंदाज असा, की अंगातले राखणदार चोर सोडून घरच्याच माणसाला धरतात."

"अगो बाय! हा तर आमचा कोंडाजी हवालदार!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. इतक्या थोडक्यात हे कुठल्याच ग्रंथात सापडले नसल्याचे त्यांनी कबूल केले.

"बरा होतो काय?" सदाने पहिल्यांदा तोंड उघडले.

"समूळ नाही. पुष्कळांचा येतो नि जातो. त्यातल्या काहींचा पुढे जायचा विसरतो आणि हळूहळू वाढतो. थोड्यांचा पहिल्यापासूनच चढत जातो. बाईंचा आज तरी येणारा-जाणारा आहे. जोर करील तेव्हा इंजेक्शनं, विश्रांती, पायांना व्यायाम. आणि उन्हात जायचं नाही, उष्णतेनं झिजलेली तार आणखी रुसते."

"उन्हात न्हाय गेली तर मासली कोन इकंल?"

यावर डॉक्टरांकडे इंजेक्शन नव्हते. त्यांनी इंग्रजीत लांबलचक दाखला लिहून दिला. नीराबाईने तो पदरात असा बांधला, जणू आईची जागाच गाठीत बांधली.

पंचायतीला दाखला सरकारी नमुन्यावर हवा होता. तालुक्याच्या कचेरीत काळूराम कारकुनाने तो वाचला आणि छापील नमुना पुढे ओढला.

"रोगाचं नाव, एक. अवयव, एक. तारीख, एक. इथं मल्टिपल लिहिलंय. मल्टिपल म्हणजे अनेक. दर रोगाला वेगळा अर्ज, तीन प्रतींत."

"भाऊसाहेब, रोग येकच हाय. जागा लय हायेत."

"म्हणजे फिरतीवर असतो. मग दाखला त्याच्या कायम पत्त्याच्या तालुक्यातून आणावा लागेल. बरं, हा 'पर्यंत'चा रकाना. कधीपर्यंत राहणार?"

"येतो नि जातो वो."

"रजा मंजूर आहे का त्याची?" काळूरामने पेन खाली ठेवले. "आत्ता आहे का अंगात? जरा झोकांडी खाऊन दाखवा."

"आता सकाल हाय, गार हाय. दुपारी व्हईल."

"मग आत्ता रोग गैरहजर. दुपारी आमची जेवणाची सुट्टी."

नीराबाई तशीच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. काळूराम काही दुष्ट नव्हता हो, नियमाबाहेर दया करायची त्याला सवय नव्हती इतकेच. नियमात बसणारी दया सापडते का ते त्याने कपाटात शोधले, आणि सापडली!

"बाई, सरकारनं झोकांडीला बंदी केलेली नाही. परमिटाशिवाय खायला बंदी केलीय. प्रकृतीसाठी दारू लागते असा अर्ज करा. परमिट मिळालं की झोकांडी कायदेशीर, केस मागं, जागा कायम."

"पन मी पीतच न्हाय!"

"प्यायची सक्ती कुठं आहे? फक्त कबूल करायचं."

नमुन्यात रकाना होता, 'अर्जदार व्यसनी आहे काय?' काळूरामने सुवाच्य अक्षरात 'होय' लिहिले. नीराबाईने अंगठा शाईत बुडवला. "आये, माफ कर गो," ती पुटपुटली आणि अंगठा उमटवला. आईची जागा वाचली. ज्या गोष्टीपासून आईने ती वाचवली होती, त्याच गोष्टीच्या नावावर वाचली.

बाजारातल्या बायका तिच्यापासून पाट सरकवून बसू लागल्या. पुरुषांना मात्र ती एकाएकी ताई झाली, मावशी झाली, धर्माची बहीण झाली. परमिटावर मिळणाऱ्या तिच्या वाट्याच्या बाटलीसाठी सुरूबंदरातले निम्मे गाव तिच्या तब्येतीची चौकशी करू लागले. एवढी चौकशी डोळा गेला तेव्हा कुणी केली नव्हती. नीराबाईने एकही बाटली उचलली नाही.

मग श्रावण आला. हवा गार झाली आणि रोग रजेवर गेला. मुंग्या थांबल्या, पाय ऐकू लागला. नीराबाई डोक्यावर पाटी घेऊन सरळ चालू लागली. चार महिन्यांनी सरळ चालण्यात केवढे सुख असते म्हणून सांगू! ते सुख चौकीपर्यंत टिकले.

"थांब," कोंडाजी म्हणाला. "परमिट दारूचं आणि चालतेस सरळ? पीत नाहीस. मग बाटल्या जातात कुठं? काळ्या बाजारात?"

"मी बाटल्या घेतच न्हाय!"

"न पिणारीनं परमिट काढलं म्हणजे सरकारची फसवणूक. परमिट जाईल, जागाही जाईल."

त्या रात्री सदाने फाटल्या जाळ्याची शेवटची गाठ मारली. मग म्हणाला, "चौकीम्होरं जरा डुलत जा."

आणि खरेच, सबंध श्रावण नि भादवा, ठणठणीत पायांची नीराबाई चौकी आली की डुलू लागे. पहिले दोन दिवस जमले नाही, झोके उगाच मोठे पडले. मग हात बसला. कोंडाजी वहीत खूण करी, "नियमित घेते," आणि समाधानाने मान डोलावी. वडाच्या पारापाशी ती पुन्हा सरळ होई आणि डोळे पुसून चालू लागे.

आश्विनात ऊन तापले आणि रोग कामावर रुजू झाला. बोर्लीच्या बाजाराच्या तोंडाशी, भर दुपारी, या खेपेस दोन्ही पाय एकदम गेले. पाटी उलटली, पापलेटे धुळीत पसरली.

"पाय गेलं वो! कोनी तरी उचला!"

"परमिटवाली हाय," कुणीतरी म्हणाले. "आज जास्त झाली वाटतं." गर्दी हसली आणि दोन्ही अंगांनी वाट काढून पुढे गेली. एक गृहस्थ तेवढे थांबले. ते वाकले, पापलेटाचा कल्ला उघडून ताजे आहे का ते पाहिले आणि निघून गेले.

सावकाश कोंडाजी हवालदार आला. बाई आपल्या जागेवर न बसता रस्त्यात पडून वाहतुकीस अडथळा करते, म्हणून त्याने पंचनामा सुरू केला. पंचनाम्याला दोन सह्या लागतात. एक माझी, कारण मी हे सगळे पाहत उभा होतो आणि रंगवून सांगत होतो. आणि मघाशी ती चौकीपुढे डुलत गेली तेव्हा तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हीही पाहिलेत. दुसरी सही इथे करा.