सोनेरी महाल आणि रविवारचं पाणी

"या घरात एक इस्त्री म्हणून धड नाही!"

कपाटाच्या दाराआडून सदाशिव पुटपुटला, आणि पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या दमयंतीच्या हातातलं बनियन तिथंच थांबलं. हा माणूस चुरगळलेला शर्ट घालून सख्ख्या मेहुणीच्या लग्नात मिरवला होता! त्याला आज इस्त्री आठवली?

"कुठं निघालात?" तिनं सहज विचारलं. म्हणजे आवाज सहज होता. हातातलं बनियन मात्र पिळून निघत होतं.

"आत्ता नाही गं, रविवारी! आमच्या कॉलेजातली मनस्विनी येतेय पुण्याहून. तिला इथली संग्रहालयं बघायचीत. म्हटलं, तू फक्त ये, बाकी माझ्यावर सोड! आधी सोनेरी महाल, मग विद्यापीठातलं संग्रहालय, उन्हं उतरली की मकबरा. त्या भागातला दगड न् दगड मला ओळखतो!"

मनस्विनी! नाव तरी केवढं, कंबर लचकवत आल्यासारखं! दमयंतीचंही काही लहान नव्हतं म्हणा, पण सदाशिवनं ते छाटून छाटून 'अगं' करून ठेवलं होतं. नवी नवरी म्हणून ती या शहरात आली, तेव्हा यानं तिला काय काय दाखवलं? गॅसची एजन्सी, रेशनचं दुकान आणि दातांचा डॉक्टर. आणि ही पुण्याची बाई थेट महालात!

काहीतरी करायलाच हवं होतं. पण काय?

त्या साली दुष्काळानं जायकवाडी धरण तळाला नेलं होतं. शहर मात्र चिकलठाण्याच्याही पुढं जालना रोडनं हातपाय पसरत सुटलेलं. घरं उगवत होती, नळ सुकत होते. पाणी कधी पाचव्या दिवशी यायचं, कधी आठव्या, आणि नेमकं कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं. ज्या दिवशी येईल म्हणून बातमी असे, त्या दिवशी गल्लीतलं माणूस उंबरा ओलांडत नसे. त्यात दमयंतीकडची पाण्याची मोटार महानखरेल! सदाशिवच्या हातच्या दोन थपडा खाल्ल्याशिवाय ती चालूच होत नसे.

बस्स! दमयंतीला सुचलं. ती कंपाऊंडच्या भिंतीपाशी गेली आणि घरात नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारच्या दगडाबाईंना म्हणाली,

"मावशी, रविवारी पाणी येणार म्हणे!"

"व्हय? कोण म्हणलं?"

"असंच... कानावर आलं."

दगडाबाईंनी सुनेला सांगितलं. सून श्रेया म्हणजे गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची राणी! संध्याकाळी दमयंतीच्याच फोनवर मेसेज येऊन पडला: 'रविवारी सकाळी दोन तास पाणी, फुल प्रेशर! सर्वांनी लाभ घ्यावा.'

"अगबाई, दोन तास!" दमयंती हरखली. मग तिला आठवलं.

सदाशिवनंही तो वाचला. त्याचं तोंड असं उतरलं की दमयंतीच्या मनात बँड वाजायला लागला. तेवढ्यात त्यानं फोन कानाला लावला.

"मनस्विनी, असं कर, फिरणं राहू दे. तू आमच्या घरीच ये जेवायला! हिच्या हातची येसर आमटी खाऊन तर बघ!"

बँड बंद.

शनिवारी सकाळी दमयंती बाहेर आली आणि तिचे डोळेच पांढरे झाले. उद्या पाणी येणार म्हणून अख्खी गल्ली उरलंसुरलं पाणी उधळत होती! कुणी गोधड्या पिळत होतं, कुणी स्कूटर धूत होतं. दगडाबाई तर वाळत चाललेल्या लिंबाला बादली पाजत होत्या.

"मावशी, थोडं राखून ठेवा हो!"

"कशाला? उद्या धो धो येतंय, तूच म्हणलीस की! अगं, नातीला बघायला पाहुणे यायचे व्हते उद्या. मी सांगितलं, फुडल्या रविवारी या. आधी पाणी, मंग जावई!"

दमयंती घराकडं धावली. निदान आपली टाकी तरी वाचवावी! तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, खराटा घेऊन सदाशिव टाकीतच उभा. शेवटचं पाणी खळखळत गटारात निघालेलं.

"शिळं पाणी कशाला? पाहुणी येतेय!"

रविवार उजाडला. गल्लीभर पाइप उन्हानं मरगळलेल्या धामिणींसारखे पडले होते आणि प्रत्येक पाइपाच्या टोकाला एक एक कुटुंब. नळातून नुसती हवा!

अशात रिक्षा थांबली. दमयंती साक्षात अप्सरा बघायच्या तयारीनं उभी होती. उतरली कोण? डोक्यावर उन्हाची टोपी, गुडघ्याला पट्टा, हातात डायबिटीसच्या गोळ्यांचा डबा. दमयंती आणखीच चिडली. इतकी साधी बाई! जळल्याचंसुद्धा चीज झालं नाही!

"वहिनी, आधी पाणी द्या हो, जीव गेला माझा!"

माठात एकच पेला उरला होता. तो दमयंतीनं स्वतःच्या हातानं सवतीला पाजला. (सवत नव्हती ती, पण त्या घडीला होती.)

तेवढ्यात बाहेर गलका झाला. गल्लीनं दगडाबाईंना घेरलं होतं.

"तुम्हाला सांगितलं कुणी, ते बोला!"

"साबणात भिजवलेल्या माझ्या गोधड्या आता काय पिठात खळबळू?"

"आत्याबाई, बोला ना! ग्रुपवर सगळे मला शिव्या देतायत!" श्रेया रडकुंडीला आली.

दगडाबाईंनी दारात उभ्या दमयंतीकडं एकदा पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.

"कुणाचं नाव घिऊ? मलाच सपान पडलं म्हणा. काय करायचं ते करा!"

हे मात्र दमयंतीला सोसवेना.

"मावशींना बोलू नका! मीच सांगितलं. पाणीबिणी काही येणार नाही, सगळं खोटं होतं!" तिचा आवाज फाटला. "हे या बाईंना महाल दाखवायला निघाले होते. इस्त्रीच्या शर्टात! आणि मला इतक्या वर्षांत एकदा 'येतेस का' म्हणून विचारलं नाही हो!"

कुणीतरी ओली गोधडी हळूच दुसऱ्या हातात घेतली.

मनस्विनीनं टोपी काढली. "सदा, वहिनींना तू एकदाही सोनेरी महालात नेलं नाहीस?"

सदाशिवनं हातातल्या पाइपाच्या तोंडात डोकावून पाहिलं. मग गल्लीकडं, मग दमयंतीकडं.

"नेणार कसा? मी तरी कुठं आत गेलोय अजून!"