सातशे लोणावळे

आमच्या शेजारचे किसनआबा कुठलंही अंतर लोणावळ्यात मोजतात. आमचं पवनानगर ते लोणावळा, वीस किलोमीटर, म्हणजे एक लोणावळा. पुणं तीन लोणावळे, मुंबई पाच. तीस वर्षं त्यांनी या रस्त्यावर वडाप, म्हणजे सीटा भरून नेणारी जीप चालवली. आता गुडघ्यांमुळे ती अंगणात उभी असते आणि आबा तिला रोज पुसतात.

मी लोणावळ्याला इंग्लिश मीडियमला जायचे, म्हणून पहिलीपासून त्यांची ‘मॅडम’. एकदा पुढे बसून मला डुलकी लागली, तर त्यांनी घाटातच गाडी थांबवली.

“मॅडम, झोपायचं तर मागं जावा. शेजारचा झोपला की डायवरचा डोळा लागतो. फुडं बसायचं तर बोलत ऱ्हायचं.”

बोलणंच मला जमत नाही. मी मागे गेले.

त्यांची मुलगी सुजाता लंडनला नर्स आहे. आता तिला ऑस्ट्रेलियात, पर्थला नोकरी लागली. आबांनी मला अंतर विचारलं. साडेचौदा हजार किलोमीटर, मी म्हटलं.

“सातशेवर लोणावळे! आन् चहाला कुटं थांबत्यात?”

“कुठेच नाही, आबा.”

“लय वंगाळ.”

तिकिटावर होतं : लंडनहून दुपारी बाराला सुटणार, पर्थला दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पोचणार. आबांनी सरळ वजाबाकी केली आणि जीपस्टँडवर सांगून आले, पंचवीस तास! दोन्हीकडची घड्याळं वेगळी, प्रवास सतरा तासांचाच, हे मला कळत होतं. पण आबांची चूक काढायची? मी तोंड उघडलं आणि मिटलं.

आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झाले तेव्हा सुजाताताईचा मेसेज आला, ‘विमानात बसले.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी चहा घेऊन गेले, तर आबा जीपमध्ये बसलेले. डोळे लाल. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुजाताताईचाच. आबा नुसते बघत राहिले.

“अजून आठ तास हायेत. मधनंच फोन कसा? मॅडम, कायतरी झालंय.” त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

मी ओळखीच्यांचेही फोन टाळते. हा घेतला.

“आबा, पोचले!”

मी स्पीकर लावला. ती दोनदा ओरडली तेव्हा कुठे आबांचे खांदे खाली आले.

“आठ तास आधी? काय पळवली आसंल!”

मग मी घड्याळांचं सगळं सांगून टाकलं.

“मंग काल का बोलला न्हाई तुमी?”

“सॉरी, आबा.”

“ऱ्हाऊ द्या. पोचली न्हवं!” आणि ते डोळे पुसत हसत सुटले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आबा स्टिअरिंगमागे नव्हते. शेजारच्या सीटवर होते.

“काल संध्याकाळपासून इथेच?”

“सुजी गाडीत बसली की झोपती, ल्हानपणापास्नं. मंग डायवरशी बोलायला कुणी नको व्हय?”

मी वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि चहा पुढे केला. तोवर आबांची मान माझ्या खांद्यावर कलली होती.

गाडी उभीच होती. मी त्यांना झोपू दिलं.