ठिपका गेला म्हणजे जहाज गेलं न्हाय

जाधव सर लग्नाला गेले की आधी नवरा-नवरी बघत नाहीत, बाहेर पडायचे दरवाजे मोजतात. मग पंगतीत उभं राहून ओरडतात, "पावणं, आग लागली तर त्या बाजूनं निघायचं! खुर्च्या वाटंत ठिवू नका!" एकदा ऐन अक्षतांच्या वेळी त्यांनी नवरदेवाच्या मामालाच दारातून हाताला धरून बाजूला केलं. मामा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

तीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढून सर कोल्हापुरात परतले आणि आमच्या सागरी महाविद्यालयात सुरक्षेचा विषय शिकवू लागले. इथून समुद्र लांब, म्हणून पोरांना लाइफ जॅकेट घालून विहिरीत उड्या मारायला लावतात. मी कार्यालय सांभाळते. माझं काम याद्यांचं.

आखातात युद्ध सुरू झाल्यापासून माझ्याकडे तीन याद्या आहेत. जहाजावर असलेले, जहाजाची वाट बघणारे आणि शिक्षण सोडून घरी गेलेले. मधली वाढतच चाललीय. कंपन्या शिकाऊ पोरं घेईनात, आणि ठरावीक महिने जहाजावर काढल्याशिवाय पुढच्या परीक्षेला बसता येत नाही. पहिली यादी मात्र मी रोज सकाळी सगळ्यात आधी उघडते.

त्या यादीत ऋतुजा होती. शाहूवाडीकडची, भातशेतीवाल्या घरातली. तिचं तेलवाहू जहाज आखातात शिरलं आणि संगणकाच्या नकाशावरून जहाजाचा ठिपका नाहीसा झाला. बातमी पसरली, दुसऱ्या दिवशी बाकीच्या पोरांच्या पालकांनी कार्यालय भरलं.

सरांनी टेबलावर हात आपटला. "ठिपका गेला म्हणजे जहाज गेलं न्हाय! हल्ला हुईल म्हणून कप्तानानं ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद केलंय. लपलंय जहाज!"

"मग कवा निघंल भाईर?" एका वडिलांनी विचारलं.

"निघंल की! म्हस हाय व्हय ती, हाक मारली की यायला?"

लोक हसले. त्यांच्याबरोबर सरही हसले. रोज नवे पालक यायचे, रोज सर तेवढ्याच जोरात टेबल बडवायचे. मला वाटायचं, या माणसाला भीती कशी ती ठाऊकच नाही.

चौथ्या दिवशीही ठिपका दिसला नाही. कंपनी फोन उचलेना. शेवटी मी ऋतुजाच्या वडिलांना फोन लावला, सांगायच्या सहा गोष्टी कागदावर लिहून. पहिलीच सांगत होते, तोच ते म्हणाले,

"बाई, ते ऱ्हाऊ द्या. तुमचं जाधव सर रोज चारच्या येष्टीनं येत्यात. वसरीवर बसत्यात, बोलत न्हाईत. आमची मंडळी भाकरी वाढती, म्हणती, 'सर, चार घास खावा, येतीया पोरगी.' आमी कुणाकडं रडायचं सांगा? त्यासनीच धीर द्याय लागतोय."

त्या दिवशी चारच्या गाडीत मी सरांच्या शेजारी जाऊन बसले.

"तुमी कुठं, बाई?"

"तुम्ही चाललाय तिथंच."

बांबवड्याच्या स्टँडवर गाडी थांबली. सर खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "जहाजावर धाडायच्या फारमवर बापाची सही लागती. ऋतुजाचा बाप पेन धरून बसलता. मला म्हणला, सर, तुमची पोरगी असती तर धाडली असती व्हय?"

"मग?"

"मी व्हय म्हणालो." त्यांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. "मला पोरगीच न्हाय, बाई."