होल्ड करा, माणूस शोधते

आमच्या कारखान्यात फोनवर एखादा माणूस मागितला की आधी त्याची खबर मिळायची. "साहेब जागेवर नाहीत. दाढ दुखतेय, दवाखान्यात गेलेत. तिकडे जोडू? पण बोलता येणार नाही हं त्यांना, गाल हा एवढा सुजलाय." पलीकडे दिल्लीचा कुणी बडा अधिकारी असला तरी निमूट ऐकून घ्यायचा. न ऐकून सांगतो कुणाला?

देवधरताई म्हणजे भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटर. मूळच्या ग्वाल्हेरच्या, त्यामुळे मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी. दरारा दोन्हीकडे सारखाच. मी टेलिफोन विभागाचा इंजिनिअर, म्हणजे कागदोपत्री त्यांचा साहेब. त्या मला "काय रे कुलकर्णी" म्हणायच्या.

त्यांचं पालुपद एकच: "होल्ड करा, माणूस शोधते." नुसता नंबर जोडणं त्यांना कमीपणाचं वाटे. "नंबर काय, कुणीही जोडेल. खुर्ची उचलते का रे फोन?" एकदा तर दिल्लीचा तातडीचा फोन त्यांनी थेट टाउनशिपच्या बाजारातल्या न्हाव्याच्या दुकानात जोडला, कारण जनरल मॅनेजरसाहेब तिथे दाढीला बसले होते. दिल्लीकरांना आधी न्हाव्याचं भोपाळी "को खां?", म्हणजे 'बोला मियाँ', ऐकू आलं, मग साबणातून साहेबांचं "येस सर". साहेब संतापून एक्स्चेंजमध्ये आले खरे, पण अर्धीच दाढी झालेल्या माणसाला घाबरणार कोण!

हे खूळ घरीसुद्धा. आमची आणि त्यांची क्वार्टर्स शेजारीशेजारी. माझी बायको सुनीता साखर मागायला निघाली की ताई ओट्यावरूनच सांगायच्या, "मिश्रांकडे नको जाऊस, लाइन बिझी आहे. सासू-सून चालू आहेत. खानसाहेबांकडे बघ. तिथेही नाही मिळाली तर ये, मी आहेच."

मग ते नवं ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. आता ताईंचा बोर्ड बंद होणार आणि त्यांची बदली आवक-जावक विभागात, टपालावर शिक्के मारायला. घरी ही बाई एकटी. लग्न केलेलं नाही, आई होती तीही गेलेली. दिवसभर कानाशी जी माणसं बोलायची तेवढंच काय ते गोत. तेही आता जाणार, आणि मला फार वाईट वाटत होतं. पण ताईंना सहानुभूती दाखवायची कुणाची छाती? "शिक्के तर शिक्के," म्हणाल्या. "शिक्का निदान 'राँग नंबर' तर म्हणणार नाही."

यंत्र बसवायला माथूर नावाचा इंजिनिअर आला होता. एकाने फोन नाही उचलला तर तो आपोआप दुसऱ्याकडे जायचा, ही त्या यंत्राची करामत. माथूरने हुद्द्याप्रमाणे रांग लावली. कारकून नसेल तर हेडक्लार्क, तो नसेल तर साहेब, तोही नसेल तर मोठे साहेब. पहिल्याच सकाळी मिश्राबाईंनी नळ गळतो म्हणून प्लंबरला फोन लावला. प्लंबर बाहेर, सुपरवायझर बाहेर, त्याचे साहेब मीटिंगमध्ये. घंटी चढत चढत जनरल मॅनेजरच्या टेबलावर गेली. मिश्राबाईंनी त्यांना बजावलं, "भैया, वॉशर लेते आना, पिछली बार भूल गए थे."

दुपारी माथूर मुकाट ताईंसमोर येऊन बसला. "दीदी, आप ही बताइए, कौन नहीं मिले तो कहाँ भेजूँ?"

ताई खुलल्या. "सक्सेनासाहब नहीं उठाते तो कँटीन में दो. कचोरीचा घाणा उतरला की तिथेच असतात. वर्माचा फोन त्रिपाठीकडे नको हं, एका खोलीत बसतात पण बोलत नाहीत, निरोप कुजेल. स्टोअरमध्ये दे. और डॉक्टरसाहब का घर पे मत देना, घर पे तो वो मिलते ही नहीं." माथूर लिहून घेत होता आणि मी हसून हसून बेजार झालो होतो. सगळा कारखाना असा मार्गी लागला.

शेवटी क्वार्टरांचे नंबर आले. माथूरने सहज विचारलं, "और आपके घर का, दीदी? आप नहीं उठाएँ तो?"

"मी उचलतेच."

"पर घर पे न हों तो?"

ताई पहिल्यांदाच अडल्या. बराच वेळ शोधलं त्यांनी. मग हळूच म्हणाल्या, "वाजून वाजून बंद होईल. छोड़ दो वो रकाना, खाली."

मी माथूरला म्हटलं, "हमारे घर लगाओ."

"उगाच कशाला रे कुलकर्णी? सुनीताला त्रास."

"ताई, तुम्ही कुणाला कधी विचारलंत, कुणाकडे जोडू म्हणून?"

त्यांनी माथूरच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात आमचा नंबर स्वतःच लिहिला.

शिक्के मारायच्या पहिल्याच दिवशी, ऑफिस सुटायच्या वेळी, आमच्या घरचा फोन वाजला. मी लवकर आलो होतो. सुनीताने उचलला.

"मी गं. ऑफिसातून माझ्याच घरी लावला होता. तिथे कुणी नाही म्हणून तुमच्याकडे येतो का, ते तपासत होते."

"आला की ताई. आता तुम्हीही इकडेच या, चहा टाकलाय."

दुसऱ्या दिवशीही फोन आला. तिसऱ्या दिवशीही. पुढे रिटायर होईपर्यंत ताई रोज संध्याकाळी आपल्या रिकाम्या घराचा नंबर फिरवून ती लाइन तपासत राहिल्या. टेलिफोन विभागाचा इंजिनिअर म्हणून सांगतो, त्या लाइनीत कधी काही बिघाड नव्हता. पण सुनीताही रोज तितक्याच गंभीरपणे सांगायची, "लागलाय ताई. या."